राइड-ऑन मोअर सुरू होत नाही, नवीन बॅटरी टाकली तरी नुसतं टक-टक-टक

मैदान_पाचगणी | शनिवार, संध्याकाळी ६:५०

नमस्कार मंडळी. पाचगणीत एका निवासी शाळेच्या मैदानाची देखभाल माझ्याकडे आहे. आमच्याकडे बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र आहे. एक सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, साडेसतरा हॉर्सपॉवर, खाली दोन पाती. सात वर्षं मीच चालवतो आणि आजवर त्याने कधी दगा दिला नव्हता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शेडमध्ये लावलं. आमच्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीतच आहे. जमीन इतकी भिजलेली असते की यंत्र मैदानात घातलं तर चाकांच्या चाऱ्या पडतात, म्हणून चार महिने ते उभंच असतं. परवा उघडीप मिळाली तसं बाहेर काढलं. किल्ली फिरवली की सीटच्या खालून टक-टक-टक-टक असा आवाज येतो, इंजिन फिरत नाही. बॅटरी गेली असेल म्हणून काल साताऱ्याहून नवीन आणली, तीन हजारांच्या वर गेले. नवीन बॅटरीवरही तोच आवाज.

गवत गुडघ्याच्या वर आलंय. पुढच्या शनिवारी मुलांच्या मैदानी स्पर्धा आहेत. सध्या चार बायका विळ्याने कापताहेत, पण एवढं मैदान त्यांच्याकडून होणार नाही आणि त्यांना तसं राबवणं मला बरंही वाटत नाही. कुठून सुरुवात करू?

तासगावचा_बागायतदार | शनिवार, रात्री ८:१५

दादा, आधी वायरिंग बघा. आमच्या मिनी ट्रॅक्टरचं असंच झालं होतं. द्राक्षाची छाटणी तोंडावर आलेली आणि गडी सुरूच होईना. बॉनेट उघडलं तर उंदरानं आत घरटं केलेलं, स्टार्टरची बारीक वायर निम्मी खाल्लेली. चार महिने शेडमध्ये उभं असलेलं यंत्र म्हणजे उंदराला आयतं घर. पंख्याच्या जाळीत, सायलेन्सरच्या मागं, सीटखाली सगळीकडं टॉर्च मारून बघा.

कराडकर७२ | शनिवार, रात्री ९:०२

सीटखालचा स्विच गेला असणार. या यंत्रांची तीच रड आहे. सीटखाली एक प्लग असतो, तो काढायचा आणि दोन्ही वायरी एका तारेने जोडून टाकायच्या. पाच मिनिटांचं काम आहे. आमच्या फार्महाऊसवरच्या यंत्राला मी तसंच केलंय, तीन वर्षं झाली.

वाई_रोपवाटिका | शनिवार, रात्री ९:४०

कराडकर दादा, असं कुणाला सांगू नका. कळकळीने म्हणते.

तो स्विच असतो तो माणूस सीटवरून उठला किंवा पडला तर इंजिन बंद पाडायला. खालची पाती मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे मारत असतात. पाचगणीचं मैदान कडेला उतरतं असतं आणि ओल्या गवतावरून चाक घसरतं. आणि ही तर शाळा आहे, मुलांचा चेंडू कधीही यंत्राकडे येतो.

माझ्या माहेरी कडबाकुट्टीत माझ्या काकांची तीन बोटं गेली. तिथेही "अडचण होते" म्हणून कुणीतरी वरचं झाकण काढून ठेवलं होतं, तेही पाच मिनिटांचंच काम होतं. काका आता नाहीत, पण त्यांनी पुढची पंचवीस वर्षं डाव्या हाताने जेवण केलं ते मी पाहिलंय. गेलेला स्विच बदला, तो काही फार महाग नसतो. पण जोडून टाकू नका.

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी ७:२०

मी आयटीआयमध्ये मेकॅनिकचा निदेशक होतो, आता निवृत्त. पलूसचा. शेजारीच किर्लोस्करवाडी, त्यामुळे लहानपण यंत्रांच्या आवाजातच गेलं.

ताईंचं म्हणणं शंभर टक्के खरं. शिवाय या यंत्रात सीटचा स्विच हा दोष असूच शकत नाही, ते आवाजावरूनच कळतं. विजेची वाट समजून घ्या. बॅटरीतून बारीक वायरीने वीज निघते, फ्यूजमधून किल्लीत जाते, किल्लीतून ब्रेकच्या स्विचमध्ये, तिथून पात्यांच्या स्विचमध्ये, आणि मग सोलेनॉइडच्या बारीक टोकाला पोहोचते. सोलेनॉइड म्हणजे ही बारीक वीज मिळाली की जाड केबल सेल्फला, म्हणजे स्टार्टर मोटरला, जोडणारा खटका. बऱ्याच यंत्रांत ब्रेक पूर्ण दाबलेला आणि पाती बंद असतील तर सीटवर कुणी नसतानाही सेल्फ फिरतो. या वाटेवरचा एकही स्विच तुटला असता तर सोलेनॉइडला वीजच मिळाली नसती आणि किल्ली फिरवल्यावर पूर्ण शांतता असती. तुमच्याकडे टक-टक येतंय, म्हणजे सगळे स्विच पार करून वीज सोलेनॉइडपर्यंत आलेली आहे. अडचण त्याच्या पुढे आहे, जाड केबलच्या वाटेवर.

आता एकच टक न येता टक-टक-टक का? सोलेनॉइड ओढला जातो, सेल्फला जाड वायरीतून करंट मिळू लागतो. त्या क्षणी व्होल्टेज कोसळतो, सोलेनॉइडच्या कॉइलला पुरेसा व्होल्टेज उरत नाही, तो सुटतो. सुटला की भार जातो, व्होल्टेज परत येतो, पुन्हा ओढला जातो. हे सेकंदाला कितीतरी वेळा होतं. उतरलेली बॅटरी नेमका हाच आवाज करते, म्हणून सगळे आधी बॅटरीच बदलतात. पण गंजलेला जोडसुद्धा हाच आवाज करतो.

मल्टिमीटर आहे का? नसेल तर इलेक्ट्रिकच्या दुकानात साधा घ्या. नवीन बॅटरीच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यात येतो. तो येईपर्यंत दुसरा कुठलाही भाग विकत घेऊ नका.

मैदान_पाचगणी | रविवार, सकाळी १०:०५

सर, खूप आभार. मल्टिमीटर आमच्या इलेक्ट्रिशियनकडे आहे, आणला. नवीन बॅटरी उभ्या उभ्या १२.६८ दाखवते. उंदराचं पाहिलं. पंख्याच्या जाळीत थोडं वाळलं गवत आणि कापसासारखं काहीतरी होतं, साफ केलं. वायरी कुरतडलेल्या नाहीत. बॅटरीच्या एका टोकाचा बोल्ट जरा ढिला वाटला, तो आवळला. फरक नाही. आता काय मोजू?

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी १०:५०

१२.६८ म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. आता भार असताना मोजायचं. आधी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करा, म्हणजे इंजिन चुकून सुरू होणार नाही. हँडब्रेक लावा, पाती बंद. किल्ली फिरवायला दुसरा माणूस घ्या.

पहिलं माप: मीटर २० व्होल्ट डीसीवर. लाल टोक बॅटरीच्या धन खांबावर, केबलच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) नाही, खुद्द शिशाच्या खांबावर. काळं टोक सेल्फच्या जाड बोल्टवर. किल्ली फिरवा आणि सोलेनॉइड ओढलेला असताना आकडा बघा.

दुसरं माप: काळं टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, रंग नसलेल्या जागी. पुन्हा किल्ली.

हे आकडे म्हणजे त्या वाटेत हरवलेला व्होल्टेज. धन बाजूला अर्ध्या व्होल्टच्या आत आणि ऋण बाजूला पाव व्होल्टच्या आसपास असेल तर वाट चांगली.

आणि कृपा करून बीप वाजवून तपासू नका. मीटरची बीप अगदी नगण्य करंटवर वाजते. सेल्फ मात्र शंभर अँपिअरच्या आसपास ओढतो. जोडात ०.०३ ओहम जरी रोध असला तरी १०० गुणिले ०.०३ म्हणजे ३ व्होल्ट तिथेच खलास. बीपला ते ०.०३ दिसतही नाही, ती आनंदाने वाजते. चाळीस वर्षांत किती चांगल्या बॅटऱ्या आणि चांगले सेल्फ या बीपपायी भंगारात गेलेले मी पाहिले.

मिरजेचा_मिस्त्री | रविवार, दुपारी १:३०

सरांनी लाखातलं सांगितलं. मी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. पावसाळा संपला की माझ्याकडं येणाऱ्या गाड्यांत अर्थिंगचीच, म्हणजे ऋण केबलच्या जोडाची, तक्रार जास्त. मीटर मिळत नसेल त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती सांगतो. गाडीला गाडी जोडायची जाड जंपर केबल असते ना, तिचं एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला आणि दुसरं थेट इंजिनच्या धातूला लावायचं. मग किल्ली मारायची. फिरलं, तर अर्थिंगची जुनी वाट खराब.

मैदान_पाचगणी | रविवार, संध्याकाळी ५:१५

मोजलं!

धन बाजू ०.३ ते ०.४. ऋण बाजूचा आकडा स्थिर राहत नाही, ६ ते ८ व्होल्टच्या मध्ये नाचतो.

मग बॅटरीचा ट्रे काढला. ऋण केबल ट्रेच्या मागे चेसिसला एका बोल्टने जोडलेली आहे. बोल्ट वरून बरा दिसत होता. १३ नंबरच्या पान्याने सोडवला तर लगच्या खाली तांबडा गंज, भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून आला. आमच्या शेडला एका बाजूने दार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये धुकं सरळ आत येऊन बसतं, सकाळी पत्र्याखालून थेंब गळतात. तिथेच ते मुरलं असणार.

पॉलिश पेपरने चेसिस चकचकीत होईपर्यंत घासली, लग घासली, बोल्ट आणि वॉशर नवीन टाकला. पुन्हा मोजलं, पण आता वेगळंच होतंय. टक-टक गेलं. एकदाच जोरात घप्प असा आवाज येतो आणि सगळं थांबतं. पंखा दोन बोटं हलतो आणि अडकतो. बॅटरीचा व्होल्टेज त्या वेळी साडेनऊला उतरतो. ऋण बाजूचा आकडा मात्र आता ०.१५ आहे.

मिरजेचा_मिस्त्री | रविवार, संध्याकाळी ५:४०

अर्थिंग सुटलं, पण आता सेल्फला खरा भार दिसतोय. मला व्हॉल्व्हचं गॅप वाटतं. या इंजिनात सुरू होताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो, म्हणून कंप्रेशन कमी होऊन सेल्फला फिरवता येतं. गॅप वाढलं की ती उघडझाप होतच नाही आणि पिस्टन वर येताना अडतो.

कृष्णाकाठ | रविवार, संध्याकाळी ५:४८

मैदानवाले भाऊ, किल्ली परत फिरवू नका. हात थांबवा.

मिस्त्री म्हणतात ते शक्य आहे. जुन्या डिझेल इंजिनला आपण डिकॉम्प्रेशनचा खटका उचलून हँडल मारायचो, तेच काम इथे कॅमशाफ्टवरची छोटी यंत्रणा आपोआप करते, आणि ते गॅप मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासचं, नाजूक असतं. पण त्याआधी एक वाईट शक्यता तपासायला हवी. तुम्ही पेट्रोलचा कॉक जूनमध्ये बंद केला होता का? आणि इंजिन ऑइलची पट्टी काढून पातळी बघा, वासही घ्या.

मैदान_पाचगणी | रविवार, संध्याकाळी ६:१०

या यंत्राला कॉकच नाही. टाकीतून पाइप सरळ कार्ब्युरेटरला.

पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर आहे. जूनमध्ये मी स्वतः खुणेवर ठेवलं होतं. पाण्यासारखं पातळ आहे आणि पेट्रोलचा उग्र वास येतोय.

कृष्णाकाठ | रविवार, संध्याकाळी ६:३५

भाऊ, हेच होतं मनात.

टाकी कार्ब्युरेटरपेक्षा उंच असली की पेट्रोल स्वतःच्या वजनानेच खाली येतं. कार्ब्युरेटरच्या वाटीत एक फ्लोट असतो आणि त्यावर छोटी नीडल. वाटी भरली की नीडल वाट बंद करते. त्या नीडलखाली कचरा अडकला किंवा तिचं टोक झिजलं तर पेट्रोल थेंब थेंब वाहत राहतं. चार महिने. वाटी भरून ते सिलिंडरमध्ये उतरतं, पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलमध्ये जातं. सिलिंडरमध्ये पिस्टनच्या वर पेट्रोल साचलेलं असेल तर पिस्टन वर येऊच शकत नाही. हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. त्यावर सेल्फने जोर लावत राहिलं की कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खालच्या शाफ्टशी जोडणारा दांडा, वाकतो. अर्थिंग खराब होतं म्हणून सेल्फला जोर मिळत नव्हता, आणि त्यामुळेच तुमचा रॉड वाचला असण्याची शक्यता आहे.

काम उद्या सकाळी उजेडात, उघड्यावर करा. शेडमध्ये नको. बॅटरीची ऋण केबल सोडवा. जवळ बिडी, मोबाइल चार्जर, काही नको. पाण्याची नाही, वाळूची बादली ठेवा. टाकीचा पाइप चिमट्याने दाबून बंद करा. प्लग काढा, भोकावर जाड फडकं धरा आणि पंख्याच्या जाळीवरून हाताने सावकाश फिरवा. सेल्फने नाही. सेल्फने फिरवलं तर पेट्रोल पिचकारीसारखं उडतं आणि एक ठिणगी पुरते.

हाताने मोकळं फिरलं, पूर्ण दोन फेरे कुठेही न अडता, तर रॉड बहुधा ठीक आहे असं समजायला हरकत नाही.

तासगावचा_बागायतदार | रविवार, रात्री ८:००

सर, नुसतं वाचून अंगावर काटा आला. माझ्या फवारणीच्या पंपालाही कॉक उघडाच असतोय. आत्ता जाऊन बंद करून आलो.

मैदान_पाचगणी | सोमवार, सकाळी ११:२०

केलं. सरांनी सांगितलं तसंच.

प्लग काढताच पेट्रोल कडेने ओघळलं. फडकं धरून फिरवलं तर पाव वाटीपेक्षा जास्त बाहेर आलं. मग हाताने फिरवलं. एक फेरा, दोन, तीन. कुठेही अडलं नाही. माझ्यासोबत आमचा स्वयंपाकघरातला मुलगा उभा होता, तो म्हणाला, "काका, तुमचा श्वास सुटला बघा."

ऑइल काढलं. पुस्तकात १.४ लिटर लिहिलंय. बाहेर आलं अडीच लिटर. म्हणजे एक लिटरच्या वर पेट्रोल ऑइलमध्ये मिसळलं होतं. ते सगळं बंद डब्यात भरून ठेवलंय, वाईच्या गॅरेजवाल्याकडे जुनं ऑइल गोळा करायला गाडी येते, तिला देणार. इथं डोंगरावर ओतलं तर खाली झऱ्यात उतरेल.

वाई_रोपवाटिका | सोमवार, दुपारी १२:१०

दादा, फार बरं वाटलं. आता कार्ब्युरेटर उघडाल तेव्हा वाटीतलं पेट्रोल फेकू नका, काचेच्या बाटलीत ओतून थोडा वेळ ठेवा आणि बघा.

सांगण्याचं कारण असं. माझ्याकडे दोन यंत्रं आहेत, एक ढकलायचं आणि एक बसून चालवायचं. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल आपल्याच उसाचं, आपल्याच कारखान्यांच्या डिस्टिलरीतलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या भावाचा ऊस त्यावर जातो. पण इथेनॉल हवेतली ओल पितं. पाचगणीच्या धुक्यात चार महिने टाकी उभी राहिली तर ओल पिऊन पिऊन एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. टाकीचा पाइप तळातूनच निघतो. म्हणजे कार्ब्युरेटरला पहिल्यांदा तेच जातं. या छोट्या इंजिनांच्या पुस्तकांत बहुतेक १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं.

किती इथेनॉल आहे ते घरी बघता येतं. शंभर मिलीचं खुणांचं उभं भांडं घ्या. २० मिलीपर्यंत पाणी, वर १०० पर्यंत पेट्रोल. हलवा, ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं. २० वरची रेषा ३५च्या आसपास वर सरकलेली दिसते. मुलांच्या प्रयोगशाळेत तुम्हाला भांडं मिळेलच, पण करताना शिक्षकांना जवळ घ्या आणि ज्योत कुठेही नको.

मी आता पावसाळ्याआधी टाकी पूर्ण रिकामी करते. पूर्वी भरून ठेवायचे, सासरे तसं सांगायचे, आणि त्या काळच्या पेट्रोलला ते बरोबरही होतं. रिकामी केल्यावर इंजिन चालू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवते, म्हणजे वाटीही कोरडी होते.

मैदान_पाचगणी | सोमवार, संध्याकाळी ६:३०

ताई, तुम्ही म्हणालात तसं बाटलीत ठेवलं. अर्ध्या तासात खाली एक बोटभर वेगळा थर दिसायला लागला, किंचित पिवळट आणि गढूळ. हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

वाटी उघडली. तळाला साबुदाण्याच्या खिरीसारखा पांढरट चिकट गाळ. नीडलच्या टोकावर गोल खाच पडलेली आणि तिच्या बैठकीत गंजाचा एक कण. फ्लोट हलका आहे, त्यात पेट्रोल शिरलेलं नाही. जेटमधून (पेट्रोल मापून सोडणारा पितळी भाग) उजेडाकडे पाहिलं तर भोक निम्मं बुजलेलं.

मिरजेचा_मिस्त्री | सोमवार, संध्याकाळी ७:०५

जेटमध्ये पिन, सुई, ड्रिल घालू नका भाऊ. पितळ मऊ असतंय, भोक मोठं झालं की पेट्रोलचं माप कायमचं बिघडलं. वायरीतला तांब्याचा एक बारीक तंतू काढा, त्यानं साफ करा आणि कार्ब क्लीनर मारा. डोळ्याला चष्मा लावा, तो फवारा उलटा येतो.

नीडल नवीनच टाका, घासून चालवू नका. आणि वाटीच्या तळाला वायर जोडलेला गोल बोल्टसारखा भाग असेल तर तो पेट्रोल बंद करायचा सोलेनॉइड आहे. किल्ली चालू केली की त्यातून एक बारीक टिक ऐकू यायला पाहिजे. ती नाही आली तर सेल्फ कितीही फिरला तरी इंजिन पेटणार नाही. आणि तो वाटीतलं पेट्रोल फक्त जेटला जाण्यापासून अडवतो, गळकी नीडल त्यानं झाकली जात नाही.

कराडकर७२ | सोमवार, रात्री ९:२५

सगळं वाचलं. शनिवारी मी जे लिहिलं ते चुकीचं होतं. ताईंच्या काकांचं वाचून झोप लागली नाही. आज फार्महाऊसवर जाऊन जोडलेली तार काढली. खाली स्विच चांगलाच होता, फक्त त्याचा प्लग मातीने भरलेला होता. ब्रशने साफ केला, बसवला, सीटवरून उठलो तर इंजिन तीन सेकंदांत बंद. तीन वर्षं मी उगीच तसं चालवलं. माझा नातू शेजारी खेळत असायचा.

मैदानवाले दादा, माझ्यामुळे तुम्ही तसं केलं नाहीत याचं समाधान आहे.

वाई_रोपवाटिका | सोमवार, रात्री ९:५०

दादा, तुम्ही तार काढलीत हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. मनापासून धन्यवाद.

सज्जनगडचा_पायथा | मंगळवार, सकाळी ८:१०

मध्येच विचारतो. आमच्या मोअरचं पातं मागच्या वर्षी जांभ्याच्या दगडाला आपटलं आणि तेव्हापासून सुरू होताना उलटा झटका देतं. त्याचं काय असेल? आमचं मागून ढकलायचं आहे.

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ८:४५

ढकलायच्या यंत्रात पातं थेट इंजिनच्या शाफ्टवर असतं. दगड लागला की फ्लायव्हीलला, म्हणजे शाफ्टवरच्या जड चाकाला, जागेवर धरणारी मऊ धातूची चावी अर्धवट कापली जाते, फ्लायव्हील जरासं सरकतं आणि ठिणगी चुकीच्या वेळी पडते. फ्लायव्हील काढून चावी बघा, काही रुपयांची असते. पण नवीन टाकताना लोखंडी तुकडा घासून बसवू नका, ती मऊच हवी; तिने तुटून शाफ्टला वाचवायचं असतं. पातं वाकलंय का तेही बघा. बसून चालवायच्या यंत्रात पाती पट्ट्यावर फिरतात, त्यामुळे तिथे हा दोष क्वचित.

मैदान_पाचगणी | गुरुवार, दुपारी ४:४०

उशीर झाला, नीडल साताऱ्यात मिळाली नाही, कराडहून बुधवारी एसटीने आली.

काय काय केलं ते लिहितो, पुढे कुणाला लागलं तर. नवीन नीडल आणि बैठक. जेट तांब्याच्या तंतूने साफ. टाकी काढून पूर्ण रिकामी केली, तळाशी तोच गढूळ थर होता, ताज्या पेट्रोलने दोनदा खळबळली. पाइप कडक झाला होता म्हणून नवीन टाकला, त्यातच फिल्टर आणि पितळी कॉक बसवला. नवीन प्लग, गॅप ०.७६ मिलिमीटर, पुस्तकात आहे तेवढं. १०डब्ल्यू-३० ऑइल १.४ लिटर. चेसिसच्या जोडावर पेट्रोलियम जेली. मिस्त्रींच्या शंकेखातर व्हॉल्व्हचं गॅपही तपासलं, बरोबर होतं.

कॉक उघडून दहा मिनिटं थांबलो, कुठे ओल येते का पाहिलं. मग सीटवर बसलो, ब्रेक दाबला, चोक ओढला, किल्ली फिरवली. सेल्फ मोकळा फिरला. बॅटरी फिरताना १०.७ वर होती. तिसऱ्या वेळी पेटलं! आधी पांढरा धूर इतका आला की वर्गातली मुलं खिडकीत गोळा झाली.

सर, तो धूर घाबरण्यासारखा होता का?

कृष्णाकाठ | गुरुवार, संध्याकाळी ५:१०

सायलेन्सरमध्ये जे पेट्रोल आणि ऑइल गेलं होतं ते जळत होतं. पाच-दहा मिनिटांत बंद झाला असेल तर काळजी नाही. ऑइल मात्र चार-पाच तास चालल्यावर पुन्हा एकदा बदला. आत कोपऱ्यांत राहिलेलं पेट्रोल नवीन ऑइल पातळ करतं. खर्च वाटेल, पण बेअरिंग त्या ऑइलच्या पापुद्र्यावरच तरंगत असतात.

आणि जुनी बॅटरी फेकली नसेल तर ती चार्ज करून पाहा.

मैदान_पाचगणी | शनिवार, रात्री ८:३०

धूर सात मिनिटांत थांबला. गुरुवारी आणि शुक्रवारी मिळून मैदान पूर्ण कापलं. गवत उंच होतं म्हणून आधी पाती सगळ्यात वरच्या खुणेवर ठेवून, मग दुसऱ्या हाताला खाली घेऊन. दगड आधी चालत जाऊन वेचले. विळ्यावर होत्या त्या चारही बायका गवताचे भारे बांधून जनावरांना घेऊन गेल्या. आज सकाळी चुन्याच्या रेषा मारल्या आणि स्पर्धा झाल्या.

कापून झाल्यावर शुक्रवारी संध्याकाळी ऑइल पुन्हा बदललं. जुनी बॅटरी चार्ज केली, १२.६ धरून आहे, ती आता वॉचमनच्या केबिनमधल्या दिव्याला लावलीय. शेडच्या उघड्या बाजूला पुढच्या आठवड्यात पत्रा मारून घेतोय, मंजुरी मिळाली.

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ९:००

वा. कॉक बंद केलात ना?

मैदान_पाचगणी | शनिवार, रात्री ९:०४

हो सर, यंत्र शेडमध्ये लावतानाच. तरी नीडल खरंच धरते का ते पाहायला एक रात्र मुद्दाम कॉक उघडा ठेवणार आहे. सोमवारी सकाळी सांगतो.

मैदान_पाचगणी | सोमवार, सकाळी ७:१५

काल संध्याकाळी सहाला कॉक उघडला, आज सहाला पट्टी काढली. ऑइल खुणेवर आहे, केसभरही वर नाही. वासही ऑइलचाच. कॉक बंद केला.